सोले-पालक-पनीरचं गरम डिप: नातीला आजीचे कानमंत्र

पोरी, डॉक्टरीणबाईंनी कागदावर पीसीओएस लिहून दिलं आणि तोंडी सांगितलं, 'कमी जीआयचं खा, प्रोटीन वाढव, मैदा-साखर सोड.' सोडायचं काय ते तुला कळलं. पण संध्याकाळी कॉलेजातून दमून आल्यावर कडाडून भूक लागते, तेव्हा खायचं काय, ते कोणी सांगितलं नाही. ते मी सांगते. आपल्या वर्धा जिल्ह्यात हिवाळ्यात जे पिकतं त्यातूनच एक गरम डिप होतं. तुरीचे सोले, पालक, मेथी, घरी फाडलेलं पनीर आणि चक्का. मैदा नाही, कॉर्नफ्लोअर नाही, साखर नाही. सोले कसे ठेचायचे ते मला माझ्या आईने शिकवलं, दही गरम करताना फुटू कसं द्यायचं नाही ते सासूबाईंनी. त्या दोघींच्या हातची युक्ती यात आहे. कृती सांगतेच, पण तिच्या आधी आणि नंतर ध्यानात ठेवायच्या गोष्टीही तितक्याच कामाच्या आहेत, त्या नीट ऐक.

१. काय बिघडलंय ते आधी समजून घे

कारण कळलं की पथ्य जड जात नाही. जेवणातलं पिष्ट आणि साखर रक्तात उतरली की स्वादुपिंडातून इन्सुलिन येतं आणि पेशींना सांगतं, ही साखर आत घ्या. या त्रासात बऱ्याच जणींच्या पेशींना इन्सुलिनची हाक नीट ऐकू येत नाही. मग शरीर आवाज चढवतं, म्हणजे आणखी इन्सुलिन सोडतं. अंडाशयाचे कान मात्र शाबूत असतात. चढलेल्या आवाजाने ते भांबावतं आणि पुरुषी संप्रेरकं जास्त बनवू लागतं. ही संप्रेरकं रक्तात बांधून ठेवणारं एक प्रथिन यकृत तयार करतं, तेही इन्सुलिन वाढलं की कमी होतं. त्यातून पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात, मुरमं उठतात, पोटाचा घेर वाढतो.

हे तुझ्या एकटीच्या वाट्याला आलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा की बाळंतपणाच्या वयातल्या दर दहा बायकांमागे साधारण एकीला हा त्रास असतो, आणि त्यांतल्या ७० टक्क्यांपर्यंत जणींना तो असल्याचं माहीतच नसतं. अंगाने बारीक मुलींनाही तो होतो. म्हणून 'वजन कमी कर, सगळं ठीक होईल' असं कोणी एका वाक्यात उडवून लावलं तर मनाला लावून घेऊ नको.

आणखी एक खरं सांगते. या त्रासासाठी २०२३ साली जे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन निघालं, त्यात कोणत्याही एका प्रकारच्या आहाराला सर्वांत श्रेष्ठ म्हटलेलं नाही. समतोल खाणं जे तुला रोज झेपेल, तेच चांगलं. त्यामुळे हे डिप औषध म्हणून खाऊ नको. पोट भरणारं, चवीचं आणि रक्तातली साखर एकदम न चढवणारं संध्याकाळचं खाणं म्हणून खा.

२. जीआयचा आकडा बघ, पण ताट त्याहून आधी बघ

जीआय म्हणजे एखादा पदार्थ खाल्ल्यावर दोन तासांत रक्तातली साखर किती चढते त्याचं माप. टोरंटो विद्यापीठाच्या डेव्हिड जेनकिन्स यांनी १९८१ साली ते मांडलं. ग्लुकोजला १०० धरायचं. ५५ किंवा त्याच्या आतला पदार्थ कमी जीआयचा, ७० किंवा त्याच्या वरचा जास्त. पांढऱ्या ब्रेडचा आकडा साधारण ७५, उकडलेल्या आलूचा ७८, पांढऱ्या भाताचा ७३. हरभऱ्याचा २८ आणि राजम्याचा २४.

आता गंमत ऐक. पालकाचा जीआय कोणी धड मोजू शकत नाही. मोजण्यासाठी ५० ग्रॅम पिष्ट पोटात जावं लागतं, आणि तेवढं पालकातून मिळवायचं तर माणसाला किलोच्या किलो पाला एका बैठकीत खावा लागेल. पनीरचंही तसंच. म्हणजे पालेभाजी आणि पनीर साखर चढवण्याच्या हिशेबात जवळजवळ येतच नाहीत. अडचण डिपच्या वाटीत नसते. डिप घट्ट करायला घातलेल्या मैद्यात असते, आणि ते ज्याला लावून खायचं त्या ब्रेडच्या चवडीत असते.

आकड्याचं फार भूतही करू नको. कोहळ्याचा, म्हणजे लाल भोपळ्याचा, जीआय ६४ येतो, म्हणून कोहळं टाकून द्यायचं नाही. एका वाटीत पिष्ट थोडंच असतं. साखर-गूळ घालून तळलेले कोहळ्याचे बोंड वेगळे आणि कोहळ्याची भाजी वेगळी.

३. पनीर घरी फाड, आणि दाबू नको

आपल्या आर्वी, आष्टी, कारंजा या पट्ट्यात गवळाऊ गाय आहे. ती आपल्या भागाची स्वतःची जात. तिचं दूध मिळालं तर उत्तम, नाहीतर गोरस भांडारात गाईचं दूध मिळतं ते आण. गाईच्या दुधाचं पनीर मऊ होतं आणि डिपमध्ये लवकर मिसळतं. म्हशीच्या दुधाचं जास्त निघतं, पण घट्ट आणि जड असतं. ते वापरलंस तर हाताने चांगलं कुस्कर.

एक लिटर दूध गंजात उकळ. उकळी आली की आच बंद कर आणि दोन मिनिटं थांब. एका लिंबाचा रस अर्धी वाटी कोमट पाण्यात मिसळ आणि चमचा-चमचा घाल, सराट्याने अगदी हळू हलव. आधी दुधात बारीक कण दिसतात, मग त्यांचे गोळे होतात आणि मधलं पाणी फिकट हिरवट-पिवळं, आरपार दिसेल असं होतं. तिथे हात थांबव. पाणी अजून दुधाळ दिसत असेल तर आणखी चमचाभर रस घाल. पाणी स्वच्छ झाल्यावरही लिंबू पिळत राहिलीस तर पनीर चिवट आणि आंबट होतं.

धुतलेल्या सुती फडक्यात गाळ, वरून गार पाणी ओत आणि पंधरा-वीस मिनिटं टांगून ठेव. वर वजन ठेवायचं नाही. भाजीतल्या तुकड्यांना वजन लागतं. आपल्याला ओलसर, भुसभुशीत पनीर हवं.

खाली जमलेलं पाणी फेकू नको. दुधातली साखर बरीचशी या पाण्यातच उतरते, म्हणून पनीरमध्ये ती थोडी राहते. या पाण्यातलं अर्धी वाटी डिप सैल करायला ठेव, उरलेलं वरणात घाल किंवा भाकरीचं पीठ मळायला घे. चौघांत वाटलं तरी एका लिटरच्या पनीरमधून प्रत्येकाला सहा-सात ग्रॅम प्रथिनं मिळतात. सोले आणि चक्का त्यात भर घालतात.

पनीर चांगलं म्हणून वाटीच्या वाट्या खायचं नाही. दुधाच्या पदार्थांचा जीआय कमी असला तरी दूध जीआयच्या मानाने इन्सुलिन जास्त चाळवतं. एका वेळी मूठभर पनीर पुरे. विकतचं प्रोसेस्ड चीज चवीला आवडत असेल तर वरून थोडं किसून घाल, पण त्यात मीठ भरपूर असतं. ज्या दिवशी ते घालशील त्या दिवशी डिपमध्ये वरून मीठ टाकू नको.

४. भाजी महिना बघून घे

मार्गशीर्ष-पौषात तुरीच्या शेंगा भरतात. आपल्याकडे कपाशीच्या मधून तुरीचे तास असतात, त्यामुळे सोले घरोघरी येतात. ते हिरवे, किंचित गोडसर असतात आणि शिजले की डिपला आपोआप दाटपणा देतात. मैद्याची जागा हेच दाणे घेतात. त्यांच्या जोडीला पालक, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर.

उन्हाळ्यात सोले नसतात. तेव्हा भिजवून मोड आणलेली मटकी किंवा उकडलेले हरभरे घे, आणि चिवळीची भाजी मिळाली तर पालकाऐवजी ती. पावसाळ्यात तरोटा आणि अंबाडी येते. अंबाडी आणि चुका आंबट असतात, त्यामुळे त्या दिवशी मूठभरच घे, वेगळी उकडून पाणी पिळून घाल आणि लिंबू पिळू नको. नाहीतर आंबटाने चक्का फुटतो. दुधी, दोडका, फुलकोबी कोणत्याही महिन्यात चालते. आलू आणि मका मात्र या डिपमध्ये नको. ते आले की आपण टाळलेलं पिष्ट मागच्या दाराने परत येतं.

पाल्याचं हे महत्त्व आपल्या वर्ध्याला नवं नाही. अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झाला आणि त्याचं ठाणं इथल्या मगनवाडीत पडलं. सेवाग्रामला जाण्याआधी १९३५ मध्ये गांधीजी मगनवाडीत राहत होते. तेव्हा त्यांनी स्वतःच्या आणि सोबत्यांच्या जेवणात हिरव्या पाल्याचे आणि सोयाबीनचे प्रयोग केले आणि त्यावर 'हरिजन'मध्ये लिहिलं. आपल्या आसपास सहज उगवणारा पाला गरिबाच्याही ताटात यावा, हा त्यांचा आग्रह होता. आज आपल्या घरामागच्या वाडीत एका वाफ्यात पालक आणि एका वाफ्यात मेथी लावली तर तुझं हिवाळ्याचं पथ्य जवळजवळ फुकट निघतं.

५. पाल्याचं पाणी काढ, दाण्याचं पीठ करू नको

डिप पातळ होण्याचं कारण बहुतेक वेळा पालकातलं पाणी असतं. मग पोरी घाबरून त्यात पीठ ओततात. पीठ ओतण्यापेक्षा पाणी काढ. पालक धुऊन पाणी न घालता कढईत टाक, झाकण न ठेवता दोन मिनिटं परत. पाला बसला की ताटात पसरून गार कर, दोन्ही तळव्यांत घेऊन घट्ट पिळ आणि मग सुरीने चिर. आधी चिरून मग शिजवलास तर चव आणि जीवनसत्त्वं दोन्ही पाण्यात जातात. पिळलेलं पाणी सोले शिजवायला घाल.

शिजलेले सोले मिक्सरमध्ये गुळगुळीत वाटायचे नाहीत. आई पाट्यावर एकदाच वरवंटा फिरवायची, तेवढंच पुरे. काही दाणे अख्खे, काही अर्धे, काही ठेचलेले. दाणा जितका बारीक वाटशील तितकं त्यातलं पिष्ट लवकर पचतं आणि साखर लवकर चढते. दाताखाली येणारं खाणं हळू खाल्लं जातं आणि पोट भरल्याचं वेळेवर कळतं.

६. चक्का फुटू द्यायचा नाही

साईचं नाही, साधं ताजं दही रात्री फडक्यात टांग. सकाळपर्यंत चक्का होतो. दह्याला आच लागली की ते फुटतं हे तुला माहीत आहेच. सासूबाईंची युक्ती अशी की दह्याला आधी बेसनाचा आधार द्यायचा आणि मग मंद आचेवर न्यायचं. इथे दोनच छोटे चमचे बेसन लागतं. ते तेलात भाजून घ्यायचं आणि चक्का आच बंद केल्यावरच घालायचा. घालण्याआधी चक्का फ्रीजबाहेर काढून ठेव. थंडगार चक्का गरम कढईत पडला की हमखास फुटतो. वाटीत पनीरचं पाणी दोन चमचे घालून तो एकसारखा फेट, मग कढईतलं गरम मिश्रण एक चमचा त्या वाटीत मिसळ आणि नंतर सगळं कढईत सोड.

७. आता कृती, चौघांसाठी

सामान असं: एक लिटर गाईच्या दुधाचं पनीर, अर्धी वाटी चक्का, एक वाटी सोले, पालकाची एक जुडी, मेथीची अर्धी जुडी, एक लहान कांदा, लसणाच्या सहा-सात पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या, अर्धा चमचा जिरे, अर्धा चमचा हळद, चिमूटभर मिरपूड, दोन छोटे चमचे बेसन, दोन चमचे तिळाचं किंवा शेंगदाण्याचं तेल, एक मोठा चमचा भाजलेल्या जवसाची भरड, मूठभर चिरलेला सांबार, मीठ आणि अर्धं लिंबू.

सोले पालकाच्या पाण्यात झाकण ठेवून बोटाने दाबले जातील इतके शिजव. दहा-बारा मिनिटं लागतात. मग ओबडधोबड ठेच.

कढईत तेल तापव. जिरे तडतडले की ठेचलेला लसूण आणि मिरची घाल. लसणाच्या कडा सोनेरी झाल्या की बारीक चिरलेला कांदा घाल आणि तो पारदर्शक होऊ दे. मेथी घालून तिचा कच्चा वास जाईपर्यंत परत, त्यानेच तिचा कडूपणाही कमी होतो. आता बेसन भुरभुर आणि खमंग वास सुटेपर्यंत मंद आचेवर हलव. हळद, मिरपूड, ठेचलेले सोले आणि पिळून चिरलेला पालक घाल. पनीरचं पाणी थोडं-थोडं ओतत घट्टसर पिठल्याइतकं सैल ठेव. दोन वाफा येऊ दे.

पनीर हाताने कुस्करून घाल आणि एक मिनिट हलव. पनीर वितळत नाही, त्यामुळे चीजची तार सुटेल याची वाट बघू नको. ते भाजीत विरघळल्यागत मिसळलं की झालं. आच बंद कर, मीठ घाल, मग फेटलेला चक्का वर सांगितल्याप्रमाणे मिसळ. शेवटी लिंबू पिळ, जवसाची भरड आणि सांबार वरून टाक. गरमच वाढ.

उरलं तर फ्रीजमध्ये झाकून ठेव आणि दुसऱ्या दिवशी संपव. परत गरम करताना गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून ऊन कर, थेट आचेवर उकळू नको.

८. जवस आणि हळद यांना मान दे, पण अवास्तव अपेक्षा ठेवू नको

विदर्भाच्या स्वयंपाकघरात जवसाची चटणी पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्यात तंतू आहेत, ओमेगा-३ स्निग्धाम्ल आहे आणि लिग्नन नावाचे घटक आहेत. जवस अख्खं गिळलं तर बरंचसं तसंच बाहेर पडतं, म्हणून मंद आचेवर भाजून भरड कर. भरडलेलं जवस लवकर खवट होतं. आठवड्यापुरतंच कर आणि बंद डब्यात फ्रीजमध्ये ठेव. रोज एक-दोन चमचे पुरेत, आणि ते खाशील त्या दिवशी पाणी भरपूर पी. रक्त पातळ करायच्या गोळ्या कोणाला चालू असतील तर त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

हळद आपल्या समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावची मिळाली तर घे. तिला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिचा रंग गडद असतो आणि तिच्यात करक्यूमिन भरपूर असतं. करक्यूमिन पाण्यात विरघळत नाही, तेलात आणि मिरपुडीच्या सोबतीने अंगी लागतं, म्हणून तेलात परततानाच हळद आणि तिच्यासोबत चिमूटभर मिरपूड. पण चिमटीभर हळदीने पाळी नियमित होते असं कोणी सांगितलं तर ऐकून घे आणि सोडून दे.

९. आधी काय खायचं, त्याचाही नियम आहे

मधुमेह असलेल्या माणसांवर झालेल्या अभ्यासांत असं दिसलं की भाजी आणि प्रथिनं आधी खाल्ली आणि पोळी-भात नंतर, तर जेवणानंतरची साखर कमी चढते. तेच जेवण, तेवढंच जेवण, फक्त क्रम बदललेला. म्हणून आधी काकडी, गाजर, मुळा, नवलकोल यांच्या जाड फोडी डिपला लावून खा. गाजराला घाबरू नको, उकडलेल्या गाजराचाही जीआय ३९ आहे. मग ज्वारीची अर्धी भाकर. शिळी भाकर तव्यावर कडक करून तुकडे केले की डिप उचलायला अगदी छान, आणि बाजारच्या चिप्सची आठवण येत नाही. टोस्ट, पाव, खारी या डिपसोबत आणू नको. खाऊन झाल्यावर लगेच आडवी होऊ नको. दहा-पंधरा मिनिटं अंगणात चाल. तुझे स्नायू तेवढ्या वेळात रक्तातली साखर वापरायला लागतात.

पालेभाजी फक्त पनीरसोबतच खायची असंही करू नको. दुधातल्या कॅल्शियमने लोह कमी शोषलं जातं, आणि आपल्या पोरींचं हिमोग्लोबिन आधीच कमी असतं. सकाळच्या जेवणात पालेभाजी लिंबू पिळून, दुधा-दह्याशिवाय खा. डिप संध्याकाळी.

१०. गोळ्या आणि तपासण्या खाण्यावर सोडू नको

चांगलं खाते म्हणून गोळी बंद केली, असं करायचं नाही. मेटफॉर्मिन चालू असेल तर ती डॉक्टरांना विचारूनच कमी-जास्त करायची. ती बरीच वर्षं घेतली तर ब-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, आणि आपण शाकाहारी माणसं. म्हणून ते अधूनमधून तपासून घे. थायरॉइडची गोळी असेल तर ती सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि त्यानंतर किमान अर्धा तास काही खायचं नाही. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत आणि तिच्यात चार तासांचं अंतर ठेव. लोहाची गोळी दुधासोबत किंवा चहासोबत कधीच नको.

तीन महिने पाळी आली नाही तर वाट बघत बसू नको. पाळी लांबत राहिली की गर्भाशयाचं आतलं अस्तर जाड होत जातं आणि ते पुढे धोक्याचं ठरू शकतं. लग्न झालं की सगळं सुरळीत होतं, हे आमच्या वेळचं बोलणं खरं नाही. त्याने तपासणी पुढे ढकलली जाते आणि पोरीचं नुकसान होतं. आपल्या सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली खेड्यातल्या माणसांसाठी वैद्यकीय महाविद्यालय उभं केलं, त्याचं कस्तुरबा रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे. साखर, थायरॉइड, सोनोग्राफी जे सांगतील ते वेळेवर करून घे. लाजायचं काही कारण नाही.

११. सगळ्यांसाठी एकच भांडं चढव, आणि स्वतःची वाटी आधी काढ

हा शेवटचा मंत्र सगळ्यांत मोठा आहे. घरात पोरीला काही झालं की तिच्यासाठी वेगळं, अळणी, बेचव काहीतरी शिजतं आणि बाकीचे चमचमीत खातात. चार दिवस पोरगी निमूट खाते, पाचव्या दिवशी सोडते. दोष तिच्या जिद्दीचा नसतो. एकटीने पाळायचं पथ्य टिकत नाही. हे डिप सगळ्यांनी खाण्याजोगं आहे. तुझ्या बाबांच्या मधुमेहाला चालतं, आईच्या हाडांना चालतं, वाढत्या भावाला चालतं. म्हणून चौघांच्या मापानेच कर, आणि घरातल्या सगळ्यांना सांग की हे आपल्या सगळ्यांचं संध्याकाळचं खाणं आहे.

दुसरी गोष्ट. आपल्या घरांत बाई शेवटी जेवायला बसते. तोवर वरणातली डाळ संपलेली असते, भाजी भांड्याच्या कडेला लागलेली उरते, पनीरचे तुकडे कधीच गेलेले असतात. भात आणि पोळी मात्र उरलेली असते. मग ती भातावर वरणाचं पाणी घेते, वर लोणचं घेते आणि पोट भरते. रोज, वर्षानुवर्षं. बायकांच्या अंगात प्रथिनं कमी, लोह कमी आणि साखरेचा त्रास जास्त, याचं एक मोठं कारण मी माझ्या डोळ्यांसमोर पंगतीच्या त्या शेवटच्या ताटात बघत आले. ही चाल चांगली आहे असं मला कधी वाटलं नाही, आणि तुझ्यापर्यंत ती पोचू नये म्हणून हे सांगते आहे.

तेव्हा कढई खाली उतरवली की घरातल्या बायकांच्या वाट्या सगळ्यांत आधी भर. तुझी, तुझ्या आईची, काकूची. भरलेल्या, काठोकाठ. मग बाकीच्यांना वाढ, आणि वाढून झालं की सगळ्यांसोबत जेवायला बस. कोणी विचारलं तर सांग, आजीने सांगितलंय.